गेमच्या डब्यातला कॉम्प्युटर

चहा गार झालेला असला तरी तो आधी कपावर फुंकर मारायचा, मग प्यायचा. बिस्किटावर मारायचा, विडीवर मारायचा. माझं चहाचं दुकान लोहाऱ्याच्या रस्त्यावर, कापसातून सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकासमोर होतं आणि तो जिनिंगमध्ये वायरमन होता. मी एकदा विचारलं, "अरे, चहात काय पडलं?"

"रुई, मावशी. रुई कुठंई शिरते. मशीनमंदी शिरते, नाकात शिरते, नशिबातई शिरते."

असा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. हाताला काम असतं तोवर त्याची बडबड गोड लागते. काम गेलं की लोक रस्ता बदलतात.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडात अळी आणि बाजारात भाव नाही. कापसाच्या गाड्यांची रांग पूर्वी माझ्या दुकानाच्याही पुढे जायची. ती आखडत गेली आणि एके दिवशी फाटकाला कुलूप लागलं. मी एकटी बाई, माझं कसंबसं भागायचं. त्याच्या घरी बायको आणि मुली होत्या. माझ्या दुकानाला लागून पत्र्याखाली टेबल टाकून तो मिक्सर, टीव्ही दुरुस्त करायला बसला. पण मिक्सर बिघडला तर लोक पाट्यावर वाटत होते. गिऱ्हाईक नाही म्हणून दिवसभर माझं डोकं खायचा.

जिनिंगच्या मालकाच्या मुलाचा परदेशातून आणलेला एक व्हिडिओ गेम होता. टीव्हीला जोडून खेळायचा, काळा, मिठाईच्या खोक्याएवढा. तो जळाला तेव्हा "फेकून दे" म्हणून याच्या हातात दिला होता. याने फेकला नव्हता. आता भंगारातून त्याने पडदा फुटलेला, कडा तुटलेला एक लॅपटॉप आणला. त्याच्या आतली सर्किटची पाटी चांगली होती. ती गेमच्या डब्यात बसवून कॉम्प्युटर करायचा, असं त्याच्या डोक्यानं घेतलं.

मी म्हटलं, "आहे तसाच वापर की. हा उपद्व्याप कायले?"

"मोडका माल कोनी पाह्यते का, मावशी? डब्बा चांगला लागते. तुमच्या बापानं तुमाले देताना घर पाह्यलं का मानूस?"

"घर पाहिलं. म्हणून तर चहा विकते."

तो इतका हसला की विडी खाली पडली.

हे सगळं हौसेचं नव्हतं. यवतमाळातल्या एका खासगी शाळेला कॉम्प्युटरची खोली सांभाळायला माणूस हवा होता. याच्याकडे कसलं सर्टिफिकेट नव्हतं. पण संस्थेचे अध्यक्ष पूर्वी जिनिंगमध्ये कापूस आणायचे, त्यामुळे त्याला ओळखत होते. ते म्हणाले, "तुह्या हातचा एक कॉम्प्युटर चालवून दाखव. चालला तं खोली तुही." तिकडे बायकोचा भाऊ बाभुळगावहून येऊन बजावून गेला होता की शाळा उघडायच्या आत याला काम लागलं नाही तर बहिणीला आणि भाच्यांना घेऊन जाईन. ती जायला तयार नव्हती. पण घरात पीठ नसेल तर बाईच्या तयारीला कोण विचारतो?

गेमच्या डब्यात आतून प्लास्टिकच्या खुंट्या होत्या, त्या तो तापवलेल्या सुरीने कापायचा. सगळा धूर माझ्या दुधावर यायचा. एक ट्रकवाला ओरडला, "मावशी, चहाले टायरचा वास येऊन राह्यला!" मी याला टेबल उचलून घरी न्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी टेबल परत तिथेच. म्हणाला, "घरी पोरी पाहून राह्यतात. त्यायच्यासमोर चुकाले भेव वाट्टे."

पाटी बसली. पडद्यावर चित्र आलं तेव्हा त्याने रस्त्यावरची माणसं हाताला धरून आणली. पण थोड्या वेळाने डब्बा तापला आणि आपोआप बंद पडला. वैशाख होता, आमच्याकडे माणसंही बंद पडत होती. मग त्याने डब्याच्या पाठीवर भोकं पाडली, अगदी चाळणी केली. आत पंखा लावला. तेव्हा कुठे तो चालू राहायला लागला. त्यानंतर भेटेल त्याला एकच सांगणं, "याले गर्मी सहन होत नाई. याले हवा पाह्यजे, हवा!" बायकोला, मुलींना, मला, अगदी दूधवाल्यालाही. पाण्याबद्दल कोणाला काही सांगायचं त्याच्या डोक्यात आलंच नाही.

अध्यक्ष घरी यायचे ठरले. बायकोने शेजारून मोठा कूलर मागून आणला, त्याला गवताच्या नव्या ताट्या लावल्या, टाकी तोंडोतोंड भरली. पाहुणा आला की कूलरचं तोंड त्याच्याकडे करायचं, ही आमच्याकडची रीत. चहा मी नेला होता.

डब्बा चालू झाला. अध्यक्षांनी स्वतः कीबोर्डवर आपलं नाव लिहिलं, ते पडद्यावर उमटलं. "जमवलं बे तू!" ते म्हणाले. हा पडद्याकडे बोट करून बोलत सुटला. बोलायला लागला की त्याला मागचं काही दिसत नसे. अध्यक्षांनी डब्यावर हात ठेवला आणि सहज म्हणाले, "तापते हो हे." मागे बायको उभी होती. तिने ते ऐकलं आणि कूलर ओढून त्याचं तोंड डब्याकडे फिरवलं. भरलेली टाकी हिंदकळली. नव्या ताट्यांमधून हवेबरोबर बारीक शिंतोडे उडाले.

चर्र झालं आणि पडदा काळा पडला.

त्याने वळून पाहिलं. डब्याच्या पाठीवर पाणी चमकत होतं. मला वाटलं, आता हा बायकोच्या नावाने घर डोक्यावर घेईल. माझ्या ओळखीत तो कधी गप्प बसलेला नव्हता. त्याने बाहीने डब्बा पुसला, पटकन, कोणाला दिसू नये असा.

"माहीच जोडनी कच्ची राह्यली, साहेब."

"पोरांसमोर असंच झालं तं?"

अध्यक्षांनी चहा संपवला आणि निघून गेले. बायकोने कूलर बंद केला.

मी त्याला दुसऱ्या दिवशी झापलं. म्हटलं, पाणी पडलं तर मालकाच्या ऑफिसातलाही कॉम्प्युटर जळतो, एवढं सांगायला तुझं तोंड कुठे गेलं होतं?

"सांगतलं असतं तं खोली भेटली असती, व्हय," तो म्हणाला. "अन माह्या बायकोनं जनमभर त्या खोलीच्या पगाराची भाकर खाली मान घालून खाल्ली असती."

मूर्खपणा होता. मी तसं तोंडावर म्हटलं. आजही मला तो मूर्खपणाच वाटतो. त्याने ती पाटी वाळवून पाहिली, उन्हात ठेवून पाहिली. ती उठली नाही. शाळेला दुसरा माणूस मिळाला.

पाऊस लांबला होता. तो सुरतेला जायला निघाला, कुठल्याशा कपड्याच्या मिलमध्ये रात्रपाळीचं काम होतं. मी त्याच्या बायकोबरोबर यवतमाळच्या स्टँडवर गेले. रेल्वे अकोल्याहून होती; अकोल्याच्या एसटीत तो खिडकीशी बसला. खिडकीची काच अडकलेली होती, त्याने दोन्ही हातांनी ओढली तरी ती सरकली नाही. गाडी सुरू झाली तशी बायको काचेला हात लावून चालू लागली.

"अवो, पानी मायाच हातानं पडलं! मले तवाच दिसलं होतं! तुमी कायले..."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आत त्याची मान हलली. गाडी फाटकाबाहेर गेली.

सुरुवातीला माझ्या दुकानाच्या फोनवर त्याचा फोन यायचा, मग येईनासा झाला. मिलमध्ये विचारलं तर म्हणाले, असा माणूस काम सोडून गेला. त्याची बायको आता बाभुळगावला भावाकडे असते. बाजाराला आली की माझ्याकडे बसते आणि दर वेळी विचारते, "मावशी, त्यायले आयकू गेलं असन का?"

"मान हलवली होती त्याने," मी सांगते. ते खरं आहे. गाडीही खड्ड्यातून गेली होती, तेही खरं आहे.