आधी खिडकी

जर्मनीतल्या आखनच्या आमच्या वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहात, सगळ्यांच्या सामायिक स्वयंपाकघरात, टांझानियाची एक मुलगी रोज दिसायची. नाव विचारायचं राहूनच गेलं. कडाक्याच्या थंडीतही ती आधी खिडकी सताड उघडायची, मगच विजेची शेगडी लावायची. जर्मन मुलं खूश. त्यांना वाटायचं, हिला मोकळ्या हवेची किती शिस्त! मी मात्र कुडकुडत वैतागायचे.

"अगं, इथे धूर कुठेय?" एकदा मी विचारलंच.

ती ओशाळून हसली. "हाताची सवय जात नाही. घरी दार उघडल्याशिवाय चूल पेटवायचो नाही आम्ही."

तेवढ्यात तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. घरी नुकताच गॅस आला होता. आई मक्याच्या पिठाची उगाली घोटत लेकीशी गप्पा मारत होती.

"पूर्वी चुलीवर स्वयंपाक करताना आई फोन घ्यायचीच नाही," फोन ठेवून ती म्हणाली. "खोकता खोकता बोलणार काय?"

संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. फोडणी देता देता आई नेहमीसारखी अखंड बोलत होती. एरवी मी घाईत असते. त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्वयंपाकघरात यायच्या आधी मीच खिडकी उघडून ठेवली.