एका गुडघ्याचं कर्ज

ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. सख्ख्या बहिणीला नाही, आमचे कागद करणाऱ्या वकिलाला नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू — कारण वगैरे काही नाही. सदुसष्ट वर्षांची आहे, नोएडात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. सकाळचा पेपर नऊपर्यंत वाचून होतो. मग डोकं रिकामं, आणि रिकाम्या डोक्यात हेच येऊन बसतं.

मी काही वाईट बाई म्हणून ओळखली जात नाही हं. उलट आहे. आमच्या इथल्या मराठी मंडळात गणपतीची वर्गणी माझ्याकडे असते. ‘सुषमाताईंकडे पैसे म्हणजे बँकेत ठेवल्यासारखे,’ म्हणतात लोक. मी हसते आणि पावती फाडते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना — ते मनातच राहतं, चेहऱ्यावर येत नाही, एवढं मला अनुभवानं कळलंय.

तर, सुधीर. माझा नवरा — होता. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर. मी एका मंत्रालयात असिस्टंट. त्याची आई म्हणजे माई; सासरे गेल्यावर त्या सांगलीहून दिल्लीला आमच्याकडे राहायला आल्या. आम्हाला मूलबाळ नव्हतं. तिघंच घरात. माई दिल्लीत कधी रुळल्या नाहीत. भाजीवाल्याशीही सांगलीच्या मराठीत भांडायच्या, आणि गंमत म्हणजे त्यालाही ते समजायचं.

आता एक सरकारी भानगड सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या नोकरीत बाईच्या मेडिकल कार्डावर एक तर तिचे आईवडील घालता येतात, नाहीतर सासूसासरे. दोन्ही नाही. माझ्या वडिलांना त्यांची पेन्शन होती, कार्ड होतं. म्हणून मी माईंचं नाव घातलं. ऑफिसात बायका म्हणाल्या, अरे यार, सासूला कोण घालतं! मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. चांगली सून असल्याचं शिक्कामोर्तबच झालं की!

माईंचे दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टर म्हणाले, आधी उजवा बदलू, सहा महिन्यांनी डावा. हॉस्पिटलात पैसे आपण आधी भरायचे, मग बिलं ऑफिसला द्यायची, मग यथावकाश पैसे परत. मी ऑफिसच्या क्रेडिट सोसायटीतून लाखाचं कर्ज काढलं. दोन सहकारी जामीन राहिले. हप्ता माझ्या पगारातून कापला जायचा, चार वर्षं. आणि आमचं दोघांचं ठरलं होतं — मेडिकलचे पैसे आले की तसेच नेऊन सोसायटीत भरायचे, कर्ज मिटवायचं. दोघांचं ठरलं होतं, हे मुद्दाम सांगतेय.

उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं. माझा संसार मात्र त्याच वर्षी संपला. का म्हणून विचाराल, तर मला धड सांगता येणार नाही. तो दारू पीत नव्हता, मारत नव्हता, बाहेर काही नव्हतं. भांडणंही नव्हती — भांडायलासुद्धा दोघांनी एका खोलीत बसावं लागतं. शेवटी एका रविवारी चहा पिता पिता ठरलं, शांतपणे. तो माईंना घेऊन गाझियाबादला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेला. संमतीनं घटस्फोट, दोन्ही बाजूंचा मिळून एकच वकील. इतकं सगळं सभ्य होतं.

आणि मग — थांबा, इथेच मी नेहमी थांबते. मनातल्या मनात सांगतानाही इथे आले की मी उठून कुकर लावते.

वकिलाकडे जायच्या आधी चार दिवस, दुपारच्या सुट्टीत, मी पासबुक भरून आणलं. चौऱ्याऐंशी हजार जमा. मेडिकलचे. पूर्ण लाख नव्हते, काही बिलं कापली होती, पण चौऱ्याऐंशी! मी बँकेच्या पायरीवर उभी राहून तो आकडा तीनदा वाचला. तेव्हा रस्ताभर मेट्रोचं खोदकाम चाललं होतं, धूळ नुसती. मला आठवतंय, मी रुमालानं पासबुक पुसलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलं. सुधीरला फोन करायला हवा होता. ऑफिसातून लोकल कॉल, फुकटचा. नाही केला.

वकिलाच्या चेंबरमध्ये यादी चालली होती. फ्रिज कुणाचा, स्कूटर कुणाची, स्कूटरचे उरलेले हप्ते कुणाचे. मग सोसायटीचं कर्ज निघालं. वकील म्हणाला, संसारात काढलंय, तर आधा-आधा. मग पेन थांबवून मला विचारलं, ‘मैडम, मेडिकल का पैसा तो वापस आता है ना?’ सुधीरनंही माझ्याकडे पाहिलं. सहज. त्यात संशय नव्हता.

मी म्हणाले, ‘फ़ाइल अटकी हुई है. ऑब्जेक्शन आया है.’

बस्स. एवढंच. खोटं मी हिंदीत बोलले. मराठीत बोलायची वेळ आली असती तर जीभ अडखळली असती का? बहुतेक नसती. दिल्लीत फाइल अडकली म्हटलं की कुणी पुढे विचारतच नाही, हे मला माहीत होतं. फायलींतच जन्म गेला होता माझा. सुधीर हसला. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब,’ म्हणाला. माझ्या नोकरीवरून तो नेहमी अशी चेष्टा करायचा. मीही हसले.

मग तो वकिलाला म्हणाला, आधा क्यों, माँ मेरी है, पूरा मैं भरूँगा. वकील शहाणा माणूस. म्हणाला, ठीक है, पर लिख देते हैं, मेडिकल का पैसा आया तो मैडम लौटाएँगी. सुधीरनं हात हलवला. ‘लिहायची काय गरज? सुषमा देईल.’ हे मात्र मराठीत, माझ्याकडे बघून. वकिलाला कळलंच नाही, मग सुधीरनं तेच पुन्हा हिंदीत सांगितलं.

का केलं मी? पुढे मी याची पुष्कळ कारणं शोधली. माईंचं बेडपॅन दीड महिना मी काढलं, सुट्ट्या माझ्या गेल्या, कर्ज माझ्या नावावर, आणि नातेवाइकांत हा सांगणार — आईचं मी केलं. राग होता का? होता. पण तुमच्याशी कशाला खोटं बोलू — त्या दिवशी मनात यातलं काहीही नव्हतं. मनात हा फ्लॅट होता. बुकिंगला पैसे कमी पडत होते आणि पासबुकात पडलेले होते. ते चौऱ्याऐंशी हजार या भिंतींत आहेत. स्वयंपाकघर म्हणा, बाल्कनी म्हणा, कुठेतरी आहेत.

पुढे जवळजवळ चार वर्षं दर महिन्याच्या सात तारखेला सुधीर ऑफिसच्या गेटवर यायचा. हप्त्याची रक्कम, पाकिटात. ‘बरी आहेस ना?’ विचारायचा. पाकीट द्यायचा, जायचा. एकदा त्याच्या कारखान्यात पगार झाला नाही, तर दहा दिवस उशिरा आला आणि मान खाली घालून सॉरी म्हणाला. आणि मी काय केलं असेल? मी तोंड वाकडं केलं. म्हणाले, पुढच्या वेळी आधी कळव, माझंही बजेट असतं. बजेट! ऐका जरा!

वर्षभरानं त्यानं एकदा विचारलं, त्या फायलीचं काय झालं गं? मी म्हणाले, क्लेम नामंजूर झाला. हे मराठीत. जीभ नाही अडखळली.

इथपर्यंत नुसती चोरी होती असं समजा. चोरी माणूस करतो, पैशांची चोरी पैशांनी भरून काढता येते. खरी गोष्ट डाव्या गुडघ्याची आहे.

घटस्फोट झाल्यावर माईंचं नाव माझ्या कार्डावरून निघालं, म्हणजे दुसरं ऑपरेशन सुधीरच्या खिशातून. त्यानं कुठून कुठून जमवाजमव केली, कारखान्यातून थोडी उचल मिळणार होती, डॉक्टरांची तारीखही घेतली. आणि माई अडून बसल्या. गेटवर पाकीट देताना त्यानं मला सांगितलं, वैतागून. ‘ऐकतच नाही बघ. म्हणते, एका गुडघ्याचं कर्ज डोक्यावर असताना दुसऱ्याचं काढायचं नाही. आधी सुषमाचे पैसे फिटू देत. तू तरी सांग ना तिला, तुझं ऐकते ती.’

मी सांगितलं का? केला फोन. माई म्हणाल्या, ‘नको गं बाई. माझ्यापायी तुझा पगार कापला जातोय, तो आधी मोकळा होऊ दे. एक पाय चांगला आहे की माझा.’ माझ्या तोंडाशी एकच वाक्य यायला हवं होतं. माई, पैसे आलेत, ऑपरेशन करून घ्या. बास, पाच-सहा शब्द. फ्लॅटचं मी काहीही केलं असतं, भविष्यनिधीतून काढले असते, बहिणीकडे मागितले असते. माझं काय जाणार होतं? अब्रू? तीही फक्त दोघांपुढे.

मी म्हणाले, ‘बघा बाई, तुमची इच्छा.’

माईंनी चार वर्षं डावा पाय ओढला. कर्ज फिटलं तोवर साखर वाढली होती, हृदयाचं काहीतरी निघालं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशनला सरळ नाही म्हटलं. मग काठी, मग वॉकर, मग घराबाहेर पडणंच बंद. त्यांना देवळात जायचं असायचं, ते राहिलं. पुढे सहा वर्षांनी गेल्या. सुधीर आहे. दिवाळीला फोन करतो. अजून म्हणतो, आईचा एक पाय तरी तुझ्यामुळे नीट झाला. मी म्हणते, असू दे रे.

त्याला का नाही सांगत? घाबरते म्हणून. तो ओरडणार नाही, हे मला ठाऊक आहे. गप्प बसेल. पुढच्या दिवाळीला फोन येणार नाही. वर्षात तो एक फोन मला यायला हवा असतो, म्हणून नाही सांगत. इतकं साधं आहे ते.

आता एकच राहिलं. शेवटचा हप्ता दिला त्या आठवड्यात माईंचा ऑफिसात फोन आला. ‘गुरुवारी जेवायला यायचं. पुरण घालतेय. कर्ज फिटलंय, तोंड गोड करायला नको?’ मी म्हटलं, माई, आता मी कशी येऊ, बरं दिसतं का. तर म्हणाल्या, ‘घटस्फोट तुमचा झालाय. माझा नाही झालेला.’

गेले मी. रजा टाकून गेले. माई ओट्याशी उभ्या होत्या. डाव्या हातानं ओटा घट्ट धरलेला, उजव्या हातानं पोळी उलटत होत्या. मी म्हटलं, द्या मी करते, तर लाटणं उगारलं माझ्यावर. सुधीर कामावर गेला होता, आम्ही दोघीच. मी स्टुलावर बसून खात होते, आणि त्या एक पोळी झाली की भिंतीला टेकायच्या, दम घ्यायच्या, मग दुसरी. मी दोन खाल्ल्या. तिसरी मागून घेतली. चविष्ट झाल्या होत्या हो, काय सांगू!

निघताना त्यांनी माझी ओटी भरली. नारळ आणि हिरवा खण, काठाला लाल रेघ. म्हणाल्या, ‘पोटची लेक असती तरी कर्ज काढलं नसतं तिनं माझ्यासाठी.’ मी नमस्काराला वाकले, तर डावा गुडघा माझ्या डोळ्यांसमोर, पातळाच्या आतूनही सुजलेला दिसत होता. उठले आणि म्हणाले, ‘अहो माई, त्यात काय एवढं.’

खण मी दुसऱ्याच दिवशी शिंप्याकडे टाकला. ब्लाउज छान बसला. दोन-तीन वर्षं ऑफिसला घातला मी तो.