आवाजाची सुट्टी

डॉक्टरांनी पडद्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हा तुमचा घसा."

जीभ कापडात धरून, तोंडातून एक लांब नळी आत घालून त्यांनी तो फोटो काढला होता. ह्या तपासणीला लॅरिंगोस्कोपी म्हणतात, म्हणजे घशातला आवाजाचा भाग कॅमेऱ्याने बघणं. दुखत नाही, फक्त ओकारी येईल असं वाटत राहतं. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या.

"ह्या व्होकल कॉर्ड्स. स्वरतंतू. बोलताना ह्या एकमेकींवर आपटतात. आणि हे दोन्ही बाजूंना समोरासमोर दाणे दिसतायत ना, हे व्होकल नोड्यूल्स. स्वरतंतूंवरच्या गाठी."

'गाठ' म्हटल्यावर मला पुढचं काही ऐकू आलं नाही. शेजारी माझा नवरा महेश बसला होता, त्याने माझा हात धरला. डॉक्टरांना अशा चेहऱ्यांची सवय असावी.

"कॅन्सर नाही हा, बाई. फावडं मारून तळहाताला घट्टे पडतात ना, तसे हे आवाजाला पडलेले घट्टे. अजून मऊ आहेत. विश्रांती दिलीत तर विरघळतील. नाही दिलीत तर कडक होतील, मग ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतर परत असंच बोलत राहिलात तर परत येतील."

"मग बोलणं बंद कधीपासून करायचं?" मी माझ्या घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हा प्रश्न विचारायच्या आधीपासून," ते म्हणाले.

ज्यांचं पोट आवाजावर चालतं त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. शिक्षक, कंडक्टर, दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणारे, फोनवर काम करणारे. माझ्यासारखं करू नका, एवढ्यासाठीच.

मी भाईंदरच्या एका खाजगी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी., बी.एड. हे मी सांगून टाकते, कारण बाबांनी गोदीत पोती वाहून मला शिकवलं आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. सकाळी शाळा, संध्याकाळी हाटकेशला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझा क्लास. समोर स्टीलची भांडी बनवणारे गाळे. तिथलं प्रेस मशीन सुरू झालं की खिडक्या थरथरतात. मशीनपेक्षा मोठ्याने बोललं की झालं, असा माझा हिशोब होता. रविवारी दहावीची जादा बॅच. सुट्टी नसणं ही मला अभिमानाची गोष्ट वाटायची.

दिवाळीनंतर आवाज बसायला लागला. सकाळी ठीक, संध्याकाळी खरखर. मग शाळेच्या प्रार्थनेतला वरचा सूर लागेना. नुसती हवा यायची. मग मानेच्या शिरा दुखायला लागल्या, कारण आवाज आतून ढकलावा लागत होता. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झालं, हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या. केमिस्टने दिलेल्या गोळ्या झाल्या. स्टाफरूममध्ये आमच्या चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "तुमचा घसा बसलाय, पण पोरांचा उठलाय. पार वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येतात." सगळे हसले, मीही हसले. हसतानाही घशातून फक्त फुसफुस आली, तेव्हा मात्र मी घाबरले.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. आठवडाभर संपूर्ण मौन. पाणी भरपूर. सतत खाकरून घसा साफ करायचा नाही, त्याने स्वरतंतू आणखी आपटतात. गुळण्यांचं पाणी तिथपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे गुळण्यांवर भरवसा ठेवायचा नाही. मौन संपलं की व्हॉइस थेरपी, म्हणजे आवाज कसा वापरायचा त्याचं शिक्षण.

महेशने शाळेत जाऊन रजेचा अर्ज दिला. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, "दहावीची प्रिलिम तोंडावर आलीय. दुसऱ्या बाई घेतो तोपर्यंत. ह्या परत येतील तेव्हा बघू." महेशने ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. त्या 'बघू'ने माझी झोप उडवली. आवाज आला नाही तर मी शिक्षिका राहणार नव्हते, आणि शिक्षिका नाही तर मी कोण?

गावाला फोन गेला आणि दुसऱ्याच दिवशी बाबा महाडहून एसटीने हजर झाले. त्यांना फक्त 'गळ्यात गाठ' एवढंच कळलं होतं. दारातच त्यांनी माझी मान चाचपून पाहिली.

"कुठं हाय? मला तर लागत नाय हाताला."

महेशने समजावलं. घट्ट्यांचं ऐकून त्यांनी स्वतःचे तळवे एकदा उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "हाताला नको म्हणून शिकवली. तर हिनं गळ्यात करून घेतले."

मग लगेच खुशीत आले. "आता बरंय. बाप बोलेल ते ऐकायचं. उलटून बोलायची सोय नाय."

मी पाटी घेतली होती. जे सांगायचं ते लिहून. महेशचं ठीक चालायचं, पण बाबांची शाळा दुसरीत सुटलेली. ते एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचत. 'चहात साखर कमी' हे वाचून होईपर्यंत चहा निवायचा. मग त्यांना वैताग यायचा. "हे काय बाय, मी काय परीक्षेला बसलोय काय? कानात सांग हळूच. कुणाला ऐकू जातंय?"

मला ते पटलं. कुजबुजणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असं मीही धरून चालले होते. विज्ञान शिकवणारी बाई मी. तर आम्ही बापलेक आठवडाभर कानात कुजबुजत होतो. गावच्या गोष्टी, कोणाचं लग्न जमलं, कोणाच्या म्हशीने काय केलं. इतक्या वर्षांत बाबांशी एवढं बोलणं झालं नव्हतं. खरं सांगायचं तर तो आठवडा मला फार आवडला.

आठवड्याने पुन्हा तपासणी. बाबा बरोबर आले होते. पडद्याकडे बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढली होती.

"मौन पाळलं नाहीत."

मी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. बाबा मदतीला आले. "नाय डॉक्टर, देवाशपथ. एक शब्द मोठ्यानं बोलली नाय पोर. जे काय ते माझ्या कानात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कानात म्हणजे कुजबुजत?"

"हां. एकदम हळू."

"आजोबा, कुजबुजताना घसा आवळून हवा सोडावी लागते. सुजलेल्या घशाला तो ताण साध्या बोलण्यापेक्षाही जास्त होऊ शकतो. कुजबुज म्हणजे विश्रांती नाही. विश्रांती म्हणजे काहीच नाही. अजून दोन आठवडे, आणि ह्यावेळी खरोखर. त्यानंतरही असंच दिसलं तर ऑपरेशनचं बोलावं लागेल."

घरी आल्यावर बाबा बाहेरच्या खोलीत नुसते बसून राहिले. त्यांना वाटत होतं, लेकीचा आवाज आपण घालवला. मी पाटीवर लिहिलं, 'तुमचा दोष नाही', आणि पाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बोट लावून वाचलं. पहिल्यांदा ओठ हलवत, मग पुन्हा मनात. वाचून झाल्यावर डोळे पुसले आणि पाटी माझ्याकडे परत दिली.

"लिही तू. मोठं लिही. मला काय घाई नाय."

पुढचे दोन आठवडे घरात मी लिहायची आणि ते वाचायचे. पाटीवर भांडता येत नाही, हा शोध मला तेव्हा लागला. मी रागाने काही लिहायला घ्यायची, आणि ते वाचून पुरं होईपर्यंत माझा राग संपलेला असायचा. पहिले दोन-तीन दिवस मी बेचैन होते. शाळेत कोण काय शिकवत असेल, पोरांना वर्तुळाचं प्रमेय कळलं असेल का. नंतर एका दुपारी मी आडवी झाले ती थेट चहाच्या वेळेला उठले. मानेच्या शिरा दुखत नव्हत्या. त्या कधीपासून दुखत होत्या हेच मी विसरून गेले होते. आपण थकलोय हे मला दमणं थांबल्यावर कळलं.

दोन आठवड्यांनी पडद्यावर तेच दोन दाणे, पण अर्ध्यावर आलेले. सूज गेलेली. डॉक्टर म्हणाले, "म्हणा, आ." मी घाबरत म्हटलं. आवाज बारीक आला, पण फाटला नाही. बाबा खुर्चीतून उठले, डॉक्टरांना नमस्कार करून बाहेर जाऊन उभे राहिले. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते कंपाउंडरला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगत होते.

मग बोरिवलीला व्हॉइस थेरपी. शिकवणारी मुलगी माझी विद्यार्थिनी शोभेल अशी. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून बुडबुडे काढत हुंकार द्यायचा, असा अभ्यास. माझ्या दिवसभराचं वेळापत्रक ऐकून ती म्हणाली, "मॅडम, ह्यात तुमचा गळा गप्प कधी असतो?" मी विचार केला. झोपेत, एवढंच उत्तर निघालं. "एकदाच महिनाभर विश्रांती घेऊन उपयोग नाही," ती म्हणाली. "रोज थोडी पाहिजे. दोन तासिका झाल्या की जरा वेळ मौन. आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी."

शाळेत परत गेले. दुसऱ्या बाईंनी पोर्शन बऱ्यापैकी ओढला होता. मी मुख्याध्यापकांना सरळ सांगितलं की मला तीन-तीन तासिका सलग नकोत.

"टाइमटेबल म्हणजे हॉटेलचं मेनूकार्ड नाही, बाई."

"नाही सर. पण सलग दिल्यात तर मार्चपर्यंत मी परत मुकी होईन. मग तुम्हाला परत दुसऱ्या बाई शोधाव्या लागतील."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. थोडी कुरकुर केली आणि टाइमटेबल बदललं. 'बघू' पुन्हा म्हणाले नाहीत. जूनमध्ये मला कायम केलं.

क्लाससाठी कमरेला लावायचा छोटा माइक आणला. पहिल्या दिवशी पोरं म्हणाली, "मॅडम, इलेक्शन को खड़े हो क्या?" पण प्रेस मशीनशी माझी स्पर्धा त्या दिवशी संपली. रविवारची बॅच बंद केली. आणि तासाच्या मधे मी फळ्यावर गणित लिहून गप्प बसायला लागले. त्या शांततेत पोरं माना खाली घालून सोडवतात, अडलं तर शेजाऱ्याला विचारतात. पूर्वी मी त्यांना अडायला वेळच देत नव्हते. त्यांचा निकाल खाली आला नाही, उलट थोडा वरच गेला.

शेवटच्या तपासणीत स्वरतंतू स्वच्छ निघाले. ऑपरेशन टळलं. त्या डॉक्टरांची आणि त्या मुलीची मी ऋणी आहे. माझ्यासारख्यांना एवढंच सांगते, आवाज पंधरा दिवसांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर घरगुती औषधांत वेळ घालवू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि विश्रांती आजार होईपर्यंत लांबवू नका. ती कामाच्या आतच बसवावी लागते, नाहीतर तिला जागा कधीच मिळत नाही.

बाबा आता गावीच असतात. रविवारी दुपारी बाजारातल्या एसटीडी बूथवरून फोन करतात. परवाही आला.

"काय करतेस?"

"काही नाही. बसलेय."

पलीकडून काळजीचा आवाज आला, "का गं? बरं वाटत नाय?"

"बरं वाटतंय, बाबा. म्हणून बसलेय."

त्यांनी थोडा विचार केला असावा. "मग बस," म्हणाले, आणि फोन ठेवला.