दाराच्या कडीवरचा टॉवेल

पाववाल्याच्या धाकट्याचं खरं नाव कुणी घेत नसे. तो जन्मला तेव्हा असा काही रडला की नर्सने कानांवर हात ठेवले आणि विचारलं, "मुलगा झालाय की भोपू?" तेव्हापासून तो भोपूच. पुढची तीन वर्षं त्याने नावाला जागून घर डोक्यावर घेतलं. भूक लागली की बोंब, पोट भरलं की बोंब, काहीच नसलं तर हौस म्हणून बोंब. त्या उन्हाळ्यात तो चार वर्षांचा झाला आणि त्याचा आवाज शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू येईनासा झाला. पोरगं शहाणं झालं, असं सगळे म्हणू लागले.

पोरगं शहाणं झालं नव्हतं. त्याच्या बापाला दिवसा झोपायचं असे, एवढंच.

पाववाला रात्रपाळीचा माणूस. संध्याकाळी बेकरीत जायचा, रात्रभर पीठ तिंबायचा, पाव भट्टीत घालायचा आणि काढायचा, आणि सकाळी अंगाला पिठाचा नि यीस्टचा वास घेऊन घरी यायचा. त्याची बायको कापडाच्या दुकानात काउंटरवर. हा यायचा तेव्हा ती निघायची, त्यामुळे दोघांची गाठ बहुतेक जिन्यातच पडे. "दूध तापवलंय." "बरं." "पलंगाची मागची फळी निखळलीय, ती ठोका आज." "ठोकतो." एवढ्यात त्यांचा संसार उरकायचा. फळी काही ठोकली जात नव्हती.

एरवी शाळा आणि बालवाडी पोरांना सांभाळून घेई. उन्हाळ्यात दोन्ही बंद. दर वर्षी सुट्टीत मावशी येऊन राहायची, पण यंदा तिच्याच घरी पाळणा हलला होता. तेव्हा पोरांना सांभाळायला बाबा. म्हणजे घरात मोठं माणूस आहे, हा दिलासा. ते माणूस झोपलेलं असतं, हा भाग वेगळा.

पण तो वाईट बाप नव्हता हो. आल्यावर पोरांना चहा-पाव द्यायचा, त्यांच्याशी थोडं खेळायचा, दुपारचं जेवण वाढायचा. मग अंघोळ करून आतल्या खोलीत पलंगावर आडवा व्हायचा. ओला टॉवेल तो त्या खोलीच्या दाराच्या कडीला अडकवायचा, कारण तिथे पंख्याचा वारा लागायचा. यातूनच नियम तयार झाला. कडीवर टॉवेल दिसला की बाबा झोपलेत. बाबा झोपलेत म्हणजे ब्र काढायचा नाही.

थोरली आठ वर्षांची होती. तिला सगळे ताईच म्हणत, आईबाबासुद्धा. टॉवेलच्या राज्याचा सगळा कारभार तिने हाती घेतला. भूक लागली तर पोटावर हात, तहान लागली तर अंगठा तोंडाशी, शू लागली तर... ती खूण भोपूने स्वतःच काढली होती आणि ती न सांगितलेलीच बरी. दोघांनी एक मुकी लपाछपीही शोधून काढली. राज्य घेणाऱ्याने आकडे मोठ्याने म्हणायचे नाहीत, बोटांवर मोजायचे. गडी सापडला की ओरडायचं नाही, त्याचा कान ओढायचा. आणि ज्याचा कान ओढला त्याने हसायचंसुद्धा नाही. ही शेवटची अट भोपूला सगळ्यात जड जायची.

खालच्या मजल्यावर निवृत्त मास्तरीणबाई राहत. आयुष्यभर वर्गाला गप्प बसवून त्यांचा घसा गेला होता. त्या पाववाल्याला जिन्यात थांबवून म्हणायच्या, "तुझ्याकडे मुलं आहेत हे कळतसुद्धा नाही बरं! कसं जमवतोस?" पाववाल्याची छाती फुगायची. या एका वाक्यावर तो आठवडाभर खूश असायचा.

मग एके दिवशी भोपूच्या हातून पिठाच्या डब्याचं झाकण निसटलं. ते फरशीवर पडलं, गोल गोल फिरलं आणि थांबता थांबेना. आदल्या रात्री पाववाल्याला भट्टीसमोर उभ्या उभ्या डुलकी लागली होती आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला होता. मालकाने सांगितलं होतं, झोप पुरी करून येत जा, नाहीतर दुसरा माणूस बघतो. तो ठणकता हात घेऊन, नुकताच डोळा लागलेला पाववाला धाडकन बाहेर आला. त्याने भोपूचं बखोट धरलं आणि ओरडला, "पुन्हा आवाज ऐकू आला ना, तर याद राखा!"

भोपू रडला नाही. त्याने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. पाववाल्याला ते दिसलं, पण झोपेपुढे त्याला काही सुचत नव्हतं. तो आत जाऊन झोपला.

त्यानंतर दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी पाववाल्याला आपसूक जाग आली.

अंग घामाने चिंब होतं. कानाला काहीच ऐकू येत नव्हतं, पंख्याची घरघर तेवढी. त्याने डोळे उघडले तर उशाशी ताई उभी. ती रडत होती. खांदे गदगदत होते, नाक वाहत होतं, आणि तोंडातून एवढासाही आवाज नव्हता. ती किती वेळ अशी उभी होती कोण जाणे. त्याला उठवायची तिची छाती झाली नव्हती.

"काय गं?"

ती त्याच्या कानाशी वाकून कुजबुजली, "भोपू सापडत नाहीये."

"सापडत नाहीये म्हणजे?"

"सगळीकडे बघितलं. जिन्यात पण बघितलं."

पाववाला ताडकन उठला. बाहेरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. ते ताईनेच जिना बघायला उघडलं होतं, पण हे विचारायचं भान त्याला कुठलं? त्याने उघडं दार पाहिलं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. पोरगं बाहेर गेलं!

"भोपू! ए भोपू!"

त्याने ओट्याखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, कपाट उघडलं, दारामागे पाहिलं. प्रत्येक ठिकाणी तो आधीपेक्षा मोठ्याने ओरडत होता. आधी हाक होती, मग तिचं दरडावणं झालं. "भोपू, बाहेर ये! ऐकू येतंय ना? बाहेर ये म्हणतो ना!" कुणी ओ दिली नाही. तेव्हा घरात तो नाहीच, हे त्याच्या मनाने पक्कं धरलं.

तो आधी गच्चीकडे धावला. गच्चीवरची फरशी तव्यासारखी तापली होती आणि तो अनवाणी होता. पाण्याच्या टाकीचं झाकण अर्धवट सरकलेलं. त्याने टाकीत डोकं घातलं, पण उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत नुसता काळोख दिसला. मग भाजलेला हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून तो चाचपत राहिला. हाताला काही लागू नये म्हणून तो आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी पाया पडत होता, कुणाच्या ते त्यालाही माहीत नव्हतं. हाताला टाकीचा तळ लागला. बाकी काही नाही.

तसाच निथळता हात घेऊन तो खाली रस्त्यावर गेला. समोर सायकलवाला सावलीत बसून ट्यूबला ठिगळ लावत होता.

"माझा धाकटा दिसला का रे?"

"कोण, भोपू? नाही बुवा. सकाळपासून इथेच आहे मी. तुमच्या दारातून कुत्रंसुद्धा बाहेर पडलं नाही." सायकलवाल्याने त्याचा चेहरा पाहिला आणि ट्यूब खाली ठेवली. "थांबा, मी कोपऱ्यापर्यंत बघून येतो."

पाववाला पुन्हा वर धावला. एवढ्या आरडाओरड्याने मास्तरीणबाई जिन्यात आल्या होत्या. त्यांनी त्याला काही विचारलं नाही, त्या थेट ताईपाशी गेल्या आणि तिच्यासमोर खाली बसल्या.

"तू त्याला शेवटचं कुठे पाहिलंस, बाळा?"

इतकी साधी गोष्ट! ती बापाने विचारली नव्हती.

"आम्ही मुकी लपाछपी खेळत होतो," ताई म्हणाली, अजून कुजबुजतच. "बाबा अंघोळीला गेले होते. माझ्यावर राज्य होतं. मी ओट्याकडे तोंड करून बोटं मोजली. मग बाबा आले आणि झोपले. मग मी शोधलं."

"आतल्या खोलीत शोधलंस?"

"दारातून बघितलं. बाबा झोपलेले होते."

"मी बघितलंय सगळं, बाई," पाववाला मध्येच म्हणाला. "बेंबीच्या देठापासून ओरडलोय. घरात असता तर ओ नसती दिली? त्याच्या आईला फोन करतो आणि चौकीवर जातो." बोलता बोलता तो आतल्या खोलीत गेला, खुंटीवरचा शर्ट ओढला आणि चपला घालायला पलंगावर बसला. त्याने शर्टाची बटणं वरखाली लावली. बायकोला काय सांगायचं? मी झोपलो होतो, हे?

ताई त्याच्यामागून दारापर्यंत आली होती. ती दाराच्या कडीकडे पाहत उभी राहिली. टॉवेल केव्हाच वाळून कडक झाला होता. तिने टाचा उंच केल्या, तो कडीवरून काढला, आणि आज दुपारभरात पहिल्यांदा ती सरळ, मोठ्या आवाजात बोलली.

"भोपू, टॉवेल काढला!"

मग पाववाल्याच्या बुडाखालून एक बारीकसा आवाज आला.

"आता बोलू?"

तो बॉक्सचा पलंग होता. रात्रीच्या गाद्या-चादरी दिवसा आत जायच्या आणि दिवसाची पातळ सतरंजी बाहेर यायची. त्यासाठी पाववाल्याने रोजच्यासारखं वरचं झाकण उघडून भिंतीला टेकवलं होतं आणि तसंच ठेवून तो अंघोळीला गेला होता. रात्रभराचा जागा माणूस परत आला, टॉवेल अडकवला, आत न बघता झाकण लावलं, सतरंजी अंथरली आणि झोपला. आपल्याच पोराला त्याने आपल्याच हाताने आत कोंडलं होतं, आणि वर स्वतःचं वजन टाकलं होतं.

सतरंजी कुठे भिरकावली, झाकण कसं उचललं, त्याला काही कळलं नाही. भोपू मागच्या कोपऱ्यात, निखळलेल्या फळीच्या फटीला तोंड लावून पडला होता. चेहरा लालबुंद, केस घामाने कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे ठणठणीत. पाववाल्याने त्याला उचललं तेव्हा तो फडक्यासारखा लोंबत होता. मास्तरीणबाईंनी तांब्या आणला, त्याचं तोंड-मान पुसली, घोट घोट पाणी पाजलं. "खिडकी उघड. पंखा मोठा कर. गर्दी करू नकोस रे त्याच्यावर!"

हळूहळू भोपूचे डोळे नीट उघडले. त्याने बापाकडे पाहिलं आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं, "मी आवाज नाही केला, बाबा."

पाववाला मटकन फरशीवर बसला आणि पोराला छातीशी धरून ढसाढसा रडला. भीती सरली होती, आता उरली होती लाज. आपण नुसत्या हाका मारल्या नव्हत्या, दरडावलं होतं. आणि पोराने वरून येणारा बापाचा राग ऐकून आणखी घट्ट तोंड दाबलं होतं. मास्तरीणबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मीही तुला शाबासकी देत होते रे," आणि पदराने डोळे टिपून खाली गेल्या.

दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, दिवसभर पाणी पाजत राहा म्हणाले. संध्याकाळी बायको आली. पाववाल्याने काही न लपवता सगळं सांगितलं. ती भोपूला मांडीवर घेऊन ऐकत राहिली. त्याला वाटलं, आता ही आकांत करील, आणि केला असता तर त्याला बरंच वाटलं असतं. पण ती उठली, पलंग ओढला आणि भिंतीकडची ती फट बराच वेळ बघत उभी राहिली.

"या फळीला आता हात लावाल तर याद राखा," ती म्हणाली.

त्या रात्री तो कामावर गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आपला टॉवेल गच्चीवरच्या दोरीला नेऊन वाळत घातला. सतरंजी पलंगावर न अंथरता बाहेरच्या खोलीत, पोरांच्या पसाऱ्यात टाकली आणि तो तिथेच आडवा झाला. म्हणाला, "आजपासून हवा तेवढा दंगा करा. भांडी वाजवा, भांडा, ओरडा. मला काही होत नाही."

पोरं एकमेकांकडे बघत बसली. ताईने पोटावर हात ठेवून भोपूला भूक लागली का विचारलं. भोपूने मान हलवली.

"अरे बोला की! भोपू, तू तर आमचा भोपू ना? वाजव बघू एकदा. मोठ्याने!"

भोपू उठला. त्याने आधी आतल्या खोलीच्या दाराकडे जाऊन कडी बघितली. कडीवर काही नव्हतं. मग तो परत आला, बापाच्या उशाशी गुडघे टेकून बसला, वाकला, दोन्ही हातांचा आडोसा करून त्याने तोंड त्याच्या कानाला लावलं आणि कुजबुजला,

"पों."