राजाने न फेकलेलं पुस्तक

“फेक ते पुस्तक! फेक म्हणते ना.”

मिस एवढ्या ओरडल्या, की लंडनच्या आमच्या हाउन्सलो भागावरून उतरू घातलेलं विमान घाबरून पुन्हा वर गेलं. शाळेच्या नाटकाची तालीम चालली होती. सत्तर सालाच्या आधीची गोष्ट. विषय होता, स्पॅनिश लोकांनी पेरूचं इंका राज्य कसं जिंकलं. इंका राजा मी, कारण वर्गात सावळी मी एकटीच. असेना का, राजा तो राजा. आईने टॉफ्यांच्या सोनेरी कागदांचा असा मुकुट केला होता, की त्यापुढे इंग्लंडच्या राणीचा मुकुट म्हणजे दुधाच्या बाटलीचं झाकण.

नाटकात पाद्री राजाच्या हातात धर्मग्रंथ देतो, राजा तो खाली फेकतो आणि त्या अपमानाने चिडून दबा धरलेले सैनिक तुटून पडतात. ग्रंथ म्हणजे काळा कागद चढवलेली टेलिफोन डिरेक्टरी. पण आमच्या घरी बसच्या टाइमटेबलला पाय लागला तरी वाकून नमस्कार करायचा. माझा हात वर जाई आणि तिथेच थिजे. चौथ्या वेळी तर मी डिरेक्टरी सरळ कपाळाला लावली.

“त्या राजाला पुस्तकाची किंमत नव्हती,” मिस म्हणाल्या. “रानटी होता तो.”

माझं टाळकं सटकलं. “मिस, त्याला ते वाचता येत होतं का? वाचता न येणारं पुस्तक हातात कोंबायचं आणि वर आपणच रागवायचं? सुटकेसाठी त्याच्याकडून खोलीभर सोनं घेऊनही स्पॅनिश लोकांनी शेवटी त्याला मारलंच, ते नाटकात कुठाय?”

“उद्या फेकणार असशील तर सांग. नाहीतर मुकुट दुसरीला.”

“फेकते,” मी म्हणाले. मुकुटासाठी माणूस एवढं खोटं बोलतोच.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये अर्धं लंडन लोटलं होतं. पहिल्या रांगेत आई-बाबा. पाद्र्याने पुस्तक दिलं. मी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि मांडीवर ठेवून बसले. सैनिकांना चिडायला निमित्तच मिळेना. सगळे एकमेकांकडे बघताहेत. मग त्यांच्या कप्तानाने, म्हणजे माझ्याच बाकावरच्या मैत्रिणीने, पुठ्ठ्याची तलवार उपसली, माझी मानगूट धरली आणि मुकुट काखेत मारून ती चालती झाली.

पडदा पडल्यावर मिसनी तिलाच धरलं. “अगं, तिने पुस्तक फेकलंच नव्हतं. मग पकडलंस कशाला?”

ती मुकुटाचा चुरगळलेला कागद सरळ करत म्हणाली, “सोनं तर न्यायचंच होतं ना, मिस.”