लोकोआप्पांचं नाक

लोकोआप्पा कुठल्याही गोष्टीला आधी नाक लावत, मग हात. चहाचा कप आला की तो नाकाशी धरून दूध म्हशीचं की गायीचं ते सांगत. कुणाकडे जेवायला गेले की रश्शात मागाहून पाणी वाढवलंय, हेही सांगून मोकळे होत. घरची बाई कानकोंडी होई, आप्पा मात्र मिटक्या मारत जेवत. मोटारीचं बॉनेट उघडल्यावरही तेच. पाच मिनिटं हात पाठीमागं आणि नाक पुढं.

दौंडच्या लोकोशेडमध्ये वाफेच्या इंजिनांवर त्यांचा जन्म गेला होता, म्हणून नावामागं ‘लोको’ चिकटलेलं. निवृत्त झाल्यावर ते स्टेशनामागं मोटारी दुरुस्त करत. ‘‘वाफ गळाय लागली की बोंबलती. पेट्रोल बेनं गुमान जातं. त्याला नाकच पायजे,’’ असं म्हणायचे. त्या नाकाची बडदास्तही तशीच. तंबाखू वर्ज्य. कामाला बसले की आजूबाजूच्या सगळ्यांच्या विड्या तीस पावलं लांब. माझ्या केसांना तेव्हा माक्याचं तेल चोपडलेलं असे, तर पहिल्याच भेटीत त्यांनी मला नळाखाली बसवून डोकं धुवायला लावलं.

ती भेट मी विसरणं शक्य नाही, कारण तेव्हा माझ्यावर चोरीचा आळ होता.

मी राहू गावच्या आबासाहेबांकडे ड्रायव्हर होतो. आबासाहेब म्हणजे गावातले मोठे बागाईतदार, आणि मी आमच्या बौद्धवस्तीतला पहिला लायसनवाला. पेट्रोलचे भाव भडकलेले होते आणि नेमकी तेव्हाच आबासाहेबांच्या मोटारीची टाकी चार दिवसांत कोरडी पडू लागली. गावच्या मिस्त्रीनं टाकी पाहिली, नळी पाहिली. खाली थेंबाचा डाग नाही. मग एका सकाळी चावडीसमोर, भर गर्दीत आबासाहेब कडाडले, ‘‘गाडी गळत न्हाई, मग प्येट्रोल जातंय कुठं? ह्येच्याच घरी!’’

रविवारी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे दौंड स्टेशनात उतरणार होते. तोवर छडा लाव, नाहीतर किल्ली ठेवून चालता हो, असं त्यांनी मला बजावलं. किल्लीचं मला फार वाटलं नाही. पण त्या दिवसापासून आई घराबाहेर पडेना, पाणीसुद्धा शेजारीण आणून देऊ लागली. आणि मी चोर ठरलो असतो, तर माझ्यामागून येणाऱ्या वस्तीतल्या एकाही पोराच्या हाती कुणी गाडी दिली नसती. मी दौंड गाठलं, आप्पांच्या हातापाया पडलो. त्यांनी डोकं धुवायला लावलं आणि ओल्या केसांनीच मला घेऊन राहूला आले.

चावडीजवळ गाडी उभी होती. आप्पांनी टाकी हुंगली, नळ्या हुंगल्या. मग विचारलं, ‘‘इंजनात त्येल कवा टाकलं हुतं, ड्रायव्हरसायेब?’’

मला साहेब म्हणणारा हा पहिलाच माणूस. मी छाती फुगवून सांगितलं, ‘‘तीन म्हैनं झालं आप्पा, थेंब टाकला न्हाई. आपलं इंजन त्येल पीतच न्हाई!’’ ही माझी नेहमीची फुशारकी होती. रोज तेल मोजायची पट्टी इंजिनात बुडवून बघायचो, तेल भरपूर दिसलं की खूश व्हायचो.

आप्पांनी तीच पट्टी बाहेर काढली. तेल खुणेच्या चांगलं बोटभर वर. ‘‘टाकलं न्हाई आन् वाढलं? त्येल काय व्यालं व्हय रं?’’ असं म्हणून त्यांनी पट्टी नाकाशी नेली आणि लहान पोरासारखे हसले. पट्टी आबासाहेबांपुढं धरली, पण त्यांचं नाक तपकिरीनं कधीच गारद झालेलं. तेव्हा आप्पांनी गाडीपासून लांब जाऊन दोन चिंध्या दगडावर ठेवल्या, एक डब्यातल्या नव्या तेलात भिजवलेली, दुसरी पट्टीला पुसलेली. काडी लावली. पहिली नुसती धुमसली. दुसरीचा भप्पकन जाळ झाला.

पेट्रोल वर ओढणाऱ्या पंपातला रबरी पडदा फाटला होता आणि तिथून ते आतल्या आत इंजिनाच्या तेलात उतरत होतं. बाहेर थेंब दिसणार कुठून! मी ज्याचा रोज अभिमान बाळगत होतो, तेच ते हरवलेलं पेट्रोल होतं. आप्पांनी पंप काढून घेतला, घाण तेल काढून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी मी पॅसेंजरनं पुण्याला जाऊन नवा पडदा आणला.

शनिवारी आप्पा पंप घेऊन आले, पण गाडीकडे न जाता चावडीच्या पायरीवर बसले. आबासाहेब म्हणाले, ‘‘बसवा की आता, उद्या पाव्हणं हायती.’’

‘‘बसवतो. पर पोराला चोर म्हनलात त्ये हितंच ना? मग हितंच सांगा, चोर न्हाई म्हनून.’’

आबासाहेबांनी पाहुण्यांचा विचार केला असावा. खाली बघत ते पुटपुटले.

आप्पांनी कानामागं हात धरला. ‘‘आईकू आलं न्हाई. लोकोत कान गेलं माजं.’’

आबासाहेब जरा मोठ्यानं बोलले. आप्पांनी पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा मात्र आबासाहेब असे गरजले की चावडीवरची कुत्री उठून बसली, ‘‘ह्या पोरानं प्येट्रोल चोरलं न्हाई! चूक माजी हाय!’’ आणि मग, कसं कोण जाणे, ते स्वतःच हसायला लागले. सगळी चावडी हसली. मी वस्तीकडे पाहिलं, तर आई घागर घेऊन आडाकडे निघाली होती.

काही वर्षांनी आप्पा गेले. मी दौंडला त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांच्या पत्नीला, माईंना, हा सगळा किस्सा सांगितला. म्हटलं, ‘‘त्या दिशी आप्पांचं कान गेलेलं हुतं, त्येच आमच्या कामाला आलं बघा.’’

माईंनी डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं. ‘‘कान? आरं, शेजारच्या घरात मी त्यांच्याबद्दल काय बोलले, त्ये हितं बसून आईकायचं ते!’’

त्या दुःखाच्या घरात मी खळखळून हसलो. मग रडलोही.