कानबाईच्या रोटावरची बुरशी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते पापडी सोलायचं. एका शेंगेत अळी निघाली. मी चिरडणार, तेवढ्यात बायकोने माझा हात धरला.

"अहो, थांबा! कडेची ठिपक्यांची ओळ बघा. त्यातून श्वास घेते ती."

"म्हातारी झालीस, आता तरी अळीला अळी म्हण," मी म्हटलं. हसली. पाणी पिऊन येते म्हणून उठली आणि ओट्यापाशी कोसळली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

आता लोक भेटायला येतात, मला विचारतात, काकू कोणत्या देवाचं करायच्या? कोणत्याच नाही. ती काय करायची ते मीच लिहितो. मी चौथी पास, कापडाच्या लूमवर हयात गेली. अक्षर वाकडं येईल. येऊ दे.

सन एकोणीसशे सत्तर नुकतं लागलं होतं. ती नंदुरबारकडच्या शाळामास्तरांची मुलगी, मॅट्रिक. बाप अचानक गेला म्हणून काकाने घाईघाईत मला, सुरतच्या लूमवाल्याला, देऊन टाकली. लग्नाच्या चौथ्या दिवशी म्हणाली, "मला कॉलेजात जायचंय. जीवशास्त्र शिकायचंय." मला तो शब्द कळला नाही. म्हटलं, "जा."

मग काय विचारता! तिने कॉलेजात नाव घातलं, आणि रविवारी सायकलवरून आम्ही शहराबाहेर गोडादऱ्याला जायचो. तेव्हा तिथे शेतं आणि डबकी होती. ती पदर खोचून चिखलात उतरायची, मी बाटल्या धरायचो. एक शेतकरी म्हणाला, "पाणी भरून नेता? घरी नळ नाही का?" ती म्हणाली, "नळाचं पाणी मेलेलं असतं, काका!"

एकदा पट्टेवाल्याला गळ घालून तिने मला कॉलेजात नेलं. ते डबक्यातलं पाणी काचेवर ठेवलं. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला तर आधी माझीच पापणी दिसली. तिने चाक फिरवलं, आणि आईशप्पथ! चपलेच्या आकाराचे जीव इकडून तिकडे, लूमवरच्या धोट्यासारखे सटासट पळत होते. मी ओरडलो, "आयला, हे जिवंत आहे सगळं!"

"हळू बोला," ती म्हणाली. पण उड्या तीच मारत होती.

श्रावणात सरांनी सांगितलं, पावावर बुरशी उगवून आणा. आमच्या घरात पाव यायचा नाही. भट्टी मुसलमानाची, म्हणून आईने बंदी केलेली. आमच्या खानदेशातल्या देवीचा, कानबाईचा सण नुकताच झाला होता. तिच्या नैवेद्याचे रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे, तुकडा बाहेर द्यायचा नाही. बायकोने त्यातलाच एक तुकडा ओला करून डब्यात झाकून ठेवला. चार दिवसांत त्याला काळी-पांढरी दाढी फुटली. भिंगातून मलाही दाखवली तिने. बारीक टाचण्यांचं रानच!

उद्या न्यायची, तर आज संध्याकाळी आईने डबा उघडला.

"माय वं! कानबाईना रोटले बुरा लागना, आनि तू दखी राहिनी?"

"आई, पाव चालत नाही ना घरात. मग दुसरं काय घेऊ?"

"आनि हाई कोन्ले दखाडनार? तुन्या बाकवरनी त्या बोहऱ्यानी पोरले?" कॉलेजात बायकोशेजारी एका बोहऱ्याची, मुसलमानाची मुलगी बसायची.

"तिलाही दाखवणार. बुरशी कुळ बघून उगवत नाही, आई."

आईने तो तुकडा परसात पुरून टाकला. वर म्हणाली, "सकायपाईन कालेज बंद."

बायकोने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही काय म्हणता?"

आईपुढे तोंड उघडायची मला सवयच नव्हती. बायको पुस्तकं ट्रंकेत भरायला लागली. एकेक करून. ते मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ भट्टीवर गेलो. भट्टीवाल्या चाचाला म्हटलं, "सड़ा हुआ पाव दो."

"भाई, सुबह-सुबह गाली देने आए हो?"

"घरवाली पढ़ती है. कालेज में दिखाना है."

चाचा हसत सुटला. कोंबड्यांसाठी ठेवलेल्या पोत्यात हात घातला आणि निवडून एक पाव काढला. "ये लो, इसकी दाढ़ी मुझसे घनी है!"

मी दोन ताजेही घेतले. आई दारात तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर बसून मी चहात पाव बुडवून खाल्ला. म्हटलं, "आई, हा त्याच भट्टीचा. आता मलाही काढ घरातून." आईने तोंडाला पदर लावला. मग तांदूळ उचलून दारातून बाजूला सरकली.

बायकोने ट्रंक उघडली. सडक्या पावाचा डबा मांडीवर घेऊन कॅरियरवर बसली, आणि लगेच हुकूम सुरू. "खड्डे चुकवा हो, डोकी तुटतील बुरशीची!" तिकडे कारखान्यात माझ्या पाळीचा भोंगा झाला. मी सायकल कॉलेजकडे दामटली.